बाहेरच्या खोलीतला पाहुणा

आमच्याकडे मोहोर आधी कानाला कळतो. पौषातल्या सकाळी अंगावरची गोधडी काढवत नसते, जमिनीकडून येणारा गार मतलई वारा खिडकीच्या फटीतून येऊन पायांचे अंगठे चाचपत असतो, आणि पलीकडच्या बागेतून फवारणीच्या पंपाची फटफट सुरू होते. मग मनात येतं, आला वाटतं. मागच्या दारी जाऊन बघावं, तर आंब्याच्या कलमांच्या शेंड्यांवर तांबूस-पिवळे तुरे उभे असतात. वास येतो तो नंतर, ऊन चढल्यावर. थोडा गोड, थोडा तुरट, आणि त्यात औषधाचा वास मिसळलेला. बाहेरगावच्या लोकांना हा सगळा वास मोहोराचाच वाटतो. त्यांना तसं वाटू द्यावं.

मोहोर आला की आमचा साहित्य उत्सव येतो. रत्नागिरी आता शहर म्हणवून घेते, चार-चार मजल्यांच्या इमारती झाल्या, बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही, पण उत्सवापुरते आम्ही अजून गावच आहोत. तो नेमका याच दिवसांत का धरला, ते कुणाला ठाऊक नाही. बागायतदार मंडळी हौसेनं ऐकायला येतात, पण त्यांचा एक डोळा आभाळात असतो. मळभ आलं की मोहोरावर तुडतुडे नावाचे किडे वाढतात आणि तुडतुडे वाढले की मोहोर काळा पडतो. एकदा उघड्या मैदानावर कविसंमेलन चाललं होतं आणि भर संध्याकाळी मळभ दाटून आलं. सगळे श्रोते माना वर करून बसले. व्यासपीठावर एक कवी विरहाची कविता म्हणत होते. त्यांना वाटलं, लोक डोळ्यांतलं पाणी आवरतायत. त्यांनी त्याच विषयावरच्या आणखी दोन कविता ऐकवल्या.

उद्घाटनाला समई लावतात, आणि त्याआधी गाऱ्हाणं घालतात. गावातला एक जाणता माणूस उभा राहून देवाला सांगतो, बाबा रे, तुझी लेकरं इथे जमली आहेत, कुणाचा माईक बंद पडू देऊ नको, कुणाच्या बागेवर मळभ आणू नको, आलेल्या पाहुण्याला सुखरूप घरी पोचव. प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, होय महाराजा. एका वर्षी गाऱ्हाणं आटोपल्या आटोपल्या मुंबईहून आलेले अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. आवाज भारदस्त, आणि मोठं वाक्य टाकून थांबायची सवय. मराठी भाषा शेवटचे श्वास मोजते आहे, असं म्हणून ते थांबले. आणि आमचा सगळा मांडव आपल्या सवयीनं म्हणाला, होय महाराजा. त्यांनी पुढचं भाषण कुठेही न थांबता संपवलं.

असे हे दिवस. डोळे मिटले की मला ते सगळे एकाच वर्षातले वाटतात. कुठल्या वर्षीचा मांडव निळा होता, कुठल्या वर्षी ग्रंथदिंडीच्या पालखीवर मधमाश्या येऊन बसल्या होत्या, काही सांगता येत नाही. एक वर्ष मात्र वेगळं उभं राहतं. मोहोराचा वास नाकात शिरला की मी त्या वर्षात जाऊन पडते. ते सांगायचं तर आधी काकूबद्दल सांगायला हवं, आणि आमच्या बाहेरच्या खोलीबद्दल.

उत्सवाची एक रीत होती. आलेले लेखक-कवी लॉजवर उतरायचे नाहीत. समितीतली मंडळी पाहुणे वाटून घ्यायची. ज्याच्या घरी एक खोली मोकळी, त्याच्याकडे एक पाहुणा. कुणाकडे कथाकार जायचा, कुणाकडे समीक्षक. समीक्षक कुणाला नको असायचा, कारण तो मिठालासुद्धा नावं ठेवील अशी भीती. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूला एक खोली आहे, तिला अंगणातून स्वतंत्र दार. काका असताना तिथे आंब्याच्या पेट्या असायच्या. काका गेले, पेट्या गेल्या, आणि काकूनं ती खोली उत्सवाला देऊन टाकली. दर पौषात ती चुन्यानं पांढरी करायची, गादी उन्हात घालायची, खिडकीला धुतलेला पडदा लावायचा. मग तिथे कवी यायचा. काकूला कवीच हवा असायचा आणि समितीला ते माहीत होतं.

मी केळशीहून शिकायला म्हणून काकूकडे आले आणि इथलीच होऊन राहिले. पुढे इथल्याच शाळेत मराठी शिकवायला लागले. काकूला मूल नव्हतं, आणि मला परत जायची घाई नव्हती. माझी खाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असायची. पहाटे काकू उठून आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवायची. तांब्याचा आवाज, लाकडांचा तडतडाट, भिंतीच्या फटीतून येणारा थोडासा धूर, आणि या सगळ्यात काकूचं चाललेलं असायचं. ती ओव्या रचायची. आईकडून आलेल्या, देवाच्या ओव्या निराळ्या. या तिच्या स्वतःच्या होत्या. एक ओळ ती पाच-सहा प्रकारांनी म्हणून बघायची, एखादा शब्द काढायची, दुसरा घालायची, आणि मधेच दूधवाल्याला हाक मारायची. त्या आवाजात मला परत झोप लागायची. स्वप्नात काकूचे शब्द शिरायचे, केळशीचा समुद्र शिरायचा, आणि कधी कधी समुद्रच ओव्या म्हणायचा. जाग आली की सगळं विरून जायचं आणि शाळेची घाई सुरू व्हायची.

काकू सातवीपर्यंत शिकलेली, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी. पण आपल्या ओळी तिनं कधी कागदावर उतरवल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, तू सांग, मी लिहून घेते. तर म्हणाली, लिहिलं की बरणीत घातलेल्या लोणच्यागत होतं, झाकण लावलं की विसरायला मोकळं. तोंडात असलं की रोज ताजं. आणि उठून पाणी भरायला गेली. कुणी समोर बसून ऐकायला लागलं की तिला लाज वाटायची. काका असतानाही घरात सगळे म्हणायचे, काकूचं चाललंय. त्यात थट्टा होती, मायाही होती, पण ऐकणं नव्हतं.

तिची एकच इच्छा होती, आणि ती तिनं मला तांदूळ निवडताना सांगितली होती. कळणाऱ्या माणसानं एकदा ऐकावं, आणि सांगावं, ही कविता आहे की नुसती बडबड. बडबड म्हणाला तरी चालेल, म्हणाली, पण कळू दे एकदा. खोलीचं पांढरं करणं, पडदा, गादी, हे सारं त्यासाठी होतं. मी मराठी शिकवते, कवितेचा अर्थ फळ्यावर लिहून देते, पण मला तिनं कधी विचारलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं माझं झालं. घरच्या माणसाचं मत ते काय धरायचं.

त्या वर्षी आमच्याकडे येणारे कवी मोठे होते. त्यांची कविता माझ्या वर्गाला होती. फोटो मात्र कुणी पाहिलेला नव्हता, पुस्तकात छापलेला नव्हता, आणि मोबाइल अजून आले नव्हते. ते दुपारच्या गाडीनं पोचतील, आणि समितीचे अण्णा त्यांना घेऊन येतील, एवढंच ठरलं होतं. मी शाळेतून लवकर सुटून आले. ऊन निवांत होतं. अंगणात कोकमं नव्हती, फणसाचे गरे नव्हते, वाळवणाचे दिवस यायचे होते, त्यामुळे अंगण उगीचच मोठं वाटत होतं. काकू खिडकीशी उभी होती. तिनं मला हातानं गप्प राहा म्हटलं आणि बाहेर बोट दाखवलं.

कलमाखाली एक माणूस उभा होता. दाढी वाढलेली, खांद्याला झोळी, चपला धुळीनं माखलेल्या. तो मान वर करून मोहोराकडे बघत होता. घाईनं नाही. एका फांदीकडे बघायचा, मग दोन पावलं सरकून दुसरीकडे. एक तुरा त्यानं हळूच खाली ओढला, अगदी डोळ्यांजवळ नेला, त्यावर फुंकर घातली आणि परत सोडून दिला. कितीतरी वेळ त्याचं हे चाललं होतं. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या होतो आणि अंगणात दुसरा काही आवाज नव्हता.

"आले गो," काकू म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तिची काळजी वाटली.

आमच्याकडे दाराशी आलेल्याला नाव विचारत नाहीत. आधी गूळ-पाणी, मग हातपाय धुवायला पाणी, मग जेवण, आणि मग कुठून आलात हे विचारायचं. आधी विचारलं तर तो अपमान. पाण्याच्या आधी नाव विचारणारी माणसं देशावर असतात, असं काका म्हणायचे. त्यामुळे काकूनं बाहेर जाऊन त्यांना या बसा म्हटलं, पाणी दिलं, खोलीत नेलं. ते जरा बिचकले. पण कोकणात माणसं अशीच असतात असं त्यांना कुणी सांगितलं असावं. त्यांनी दोनदा झोळीत हात घातला, काहीतरी छापील कागद बाहेर काढायला. काकूला वाटलं, कवितासंग्रह. असू दे, म्हणाली, ते नंतर, आधी दोन घास खा. झोळी खाली ठेवताना आत बाटल्या वाजल्या. काकूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. कवी म्हटल्यावर एवढं धरून चालायला हवं, असं तिचं तोंड सांगत होतं.

मासे चालतात का, हे मीच विचारलं. चालतात म्हणाले. बांगड्याचं तिखलं होतं, भात होता, सोलकढी होती. ते मान खाली घालून, मन लावून जेवले. कमी बोलणारा माणूस. काकूला ते फारच आवडलं. जेवण झाल्यावर ते बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले, खिडकीतून पुन्हा कलमाकडे बघायला लागले, आणि काकू दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हातात पदराचं टोक. मला वाटलं, ही आता आत पळणार. पण तिनं डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली.

आंब्याला आला मोहोर, कुणी वर ना पाहिला,
माझ्या चुलीचा गं धूर, उंच भेटायला गेला.

आणखी चार-पाच ओव्या होत्या. पहाटेच्या अर्धवट झोपेत ऐकलेलं काहीतरी दिवसाढवळ्या उभं राहून बोलतंय असं मला वाटलं. संपल्यावर काकूनं डोळे उघडले. पाहुणा खिडकीतून तिच्याकडे वळला होता. त्याची मुद्रा एखाद्यानं अचानक आपल्या गावाचं नाव घेतल्यावर होते तशी झाली होती.

"पुन्हा एकदा म्हणा की," तो म्हणाला.

काकूनं पुन्हा म्हटलं. या वेळी डोळे उघडे ठेवून. त्यानं वाहवा केली नाही. गुडघ्यावर हात ठेवून नुसता ऐकत बसला. मोहोराचा वास त्या दुपारी इतका भरून आला होता, की खोलीत श्वास घेतला तरी गोड लागत होतं. मला आजही वाटतं, काकूच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी दुपार होती. मग ती काय विचारायचं ते विचारणार, तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली.

रिक्षातून अण्णा उतरले, आणि त्यांच्या मागून मफलर गुंडाळलेले, घसा बसलेले एक गृहस्थ. गाडीला उशीर झाला म्हणाले अण्णा, आणि हे आमचे कवी. काकू एकदा दारातल्या कवीकडे बघायची, एकदा खाटेवरच्या पाहुण्याकडे. खाटेवरचा माणूस उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं झोळीतून कागद काढून पुढे केला. तुडतुड्यांवरच्या नव्या औषधाची जाहिरात होती. तो सांगलीकडून आलेला विक्रेता होता. बागा फिरून औषधाची माहिती द्यायची आणि मोहोर कुठे किती आला ते बघायचं, हे त्याचं काम.

अण्णा हसायला लागले, मलाही हसू आवरेना. तो मात्र काकूसमोर हात जोडून उभा राहिला.

"मला कवितेतलं काय कळत न्हाई हो काकू," तो म्हणाला. "आधीच सांगायला पायजे होतं."

काकूनं त्याला जाऊ दिलं नाही. पाहुणा तो पाहुणा, म्हणाली, आणि संध्याकाळी दोघांची पानं शेजारी-शेजारी मांडली. कवी खूप बोलले, घसा बसला असतानाही. औषधवाले गप्प. दुसऱ्या दिवशी ते उजाडताच निघून गेले, जाताना कलमांवर एक फवारणी करून घ्यायला सांगून. कवी तीन दिवस राहिले. चांगले होते, बिचारे. शेवटच्या दिवशी त्यांनी आपण होऊन काकूला म्हटलं, तुम्हीही काही रचता असं ऐकलं, ऐकवा ना. आम्ही सगळे थांबलो. काकू त्यांना गरम पाणी आणि हळद देत होती. म्हणाली, तुमचा घसा बरा होऊ दे. आणि आत गेली.

मी नंतर तिला रागावले. म्हटलं, इतकी वाट बघितलीस, आणि समोर माणूस असताना गप्प बसलीस. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, ज्यानं ऐकलं त्याला कळत नाही, आणि ज्याला कळतं तो जाता जाता विचारतो. मी काय करू.

तो पौष माझ्या मनातून जात नाही. पुढेही कवी येत गेले. एक-दोघांना काकूनं धीर करून ऐकवलंही. एक म्हणाले, लोकगीताचा छान बाज आहे, आणि घड्याळाकडे बघितलं. एक म्हणाले, पाठवून द्या, बघतो. काकूला दोन्ही उत्तरं पटली नाहीत, पण ती चिडली नाही. तिनं दर वर्षी खोली पांढरी केली. मला कधी कधी वाटायचं, हिला उत्तर नकोच आहे, हिला पौषात वाट बघायला एक माणूस हवा आहे. पण ते खरं नव्हतं. या वर्षी तिनं ते स्वतःच सांगितलं. यंदा विचारणारच, म्हणाली, कोण का येईना. पुढल्या वर्षी आठवेल न आठवेल.

तिला हल्ली विसर पडतो. आमटीत मीठ दोनदा पडतं, दिवा लावला की नाही ते बघायला ती देवघरात परत जाते. पहाटे मी जागी असते तेव्हा भिंतीपलीकडून एखादी ओळ सुरू होते आणि मधेच थांबते. मग नुसता तांब्याचा आवाज. चूल जाऊन गिझर आला त्यालाही बरीच वर्षं झाली, पण तांब्या तोच आहे.

परवा समितीची बैठक झाली. आता मीही समितीत आहे आणि अण्णा काठी घेऊन येतात. यंदाचे कार्यक्रम ठरत होते. ग्रंथदिंडी मांडवीपर्यंत न्यायची. दुपारी बोलीतल्या कविता, त्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठातली मुलं येणार. मोबाइलवर कविता म्हणून लाखो लोकांना माहीत झालेली एक मुलगी येणार, तिच्यासाठी अण्णा सर्वांत जास्त उत्सुक. भाट्याच्या किनाऱ्यावर सूर्य बुडताना वाचन, माईकशिवाय, लाटांनी जेवढं ऐकू दिलं तेवढं. वाचक कुठे हरवला हा परिसंवाद आहेच. हा वाचक दर वर्षी हरवतो आणि परिसंवादाला पहिल्या रांगेत बसलेला असतो. ऐकता ऐकता मी त्या मांडवात जाऊन बसले होते. डोक्यावर झालर हलत होती, कुणीतरी चहाचे पेले फिरवत होतं.

मग शेवटचा विषय निघाला. पाहुण्यांची सोय. यंदा सगळे हॉटेलात, असं ठरलंय म्हणाले. मी म्हटलं, एक तरी आमच्याकडे द्या. अण्णांना काकूचं सगळं माहीत आहे. त्यांना वाईट वाटलं, ते दिसलं. पण ते म्हणाले, निमा, आता लोकांना पथ्यं असतात, स्वतंत्र न्हाणीघर लागतं, थंड हवा लागते. आणि एकालाच घरी पाठवला तर त्याला वाटेल, माझ्याकडूनच काय चूक झाली. खरंच होतं ते.

घरी आले तर काकू बाहेरच्या खोलीत. गादी उन्हातून आणलेली, तिच्यावर ती धुतलेली चादर घालत होती. चुन्याचा ओला वास अजून भिंतींना होता. मी दारातच सांगून टाकलं, नाहीतर माझ्याच्यानं सांगणं झालं नसतं. ती चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली. चारही कोपरे नीट खोचले.

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तूच नीज हो इथे उत्सव होईपर्यंत. सजवलेली खोली मोकळी ठेवू नये."

मला नाही म्हणवेना. मी खाटेवर आडवी झाले. या खोलीत मी इतकी वर्षं चहा घेऊन आले, पाणी घेऊन आले, केर काढला, पण या खाटेवर कधी पडले नव्हते. इथून खिडकीतून थेट कलम दिसतं. मोहोर भरगच्च आला होता, त्याचा रंग आभाळावर पसरल्यासारखा वाटत होता. दुपार होती. पंपाची फटफट कुठेतरी लांब चालू होती. गादीला उन्हाचा वास येत होता. माझे डोळे आपोआप मिटायला लागले, आणि सगळी वर्षं एकात एक मिसळायला लागली, मफलरवाले कवी, निळा मांडव, केळशीचा समुद्र.

काकू भिंतीशी जमिनीवर बसली होती.

"निजलीस गो?"

मी नाही म्हटलं.

"एक म्हणू?"

मला तिनं असं कधी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटूनच हो म्हटलं, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर ती उठून गेली असती. ती म्हणायला लागली. आवाज पूर्वीपेक्षा कापरा, पण चाल तीच.

ऊन आलं ओटीवर, त्याला मांडिला मी पाट,
ऊन बोलेना चालेना,

आणि थांबली. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, पुन्हा तिथेच थांबली. तिच्या बांगड्या एकदा वाजल्या. जातात हल्ली, ती स्वतःशीच म्हणाली, अर्ध्यातून जातात, आणि गेल्या की परत येत नाहीत. लिहून ठेवलेल्या नाहीत, कुणाला विचारू.

तिचं हे बोलणं चालू असतानाच माझ्या तोंडून पुढचं निघालं. मी आठवायला गेले नव्हते. मला ती ओळ येते हेच मला माहीत नव्हतं.

"बघे माझीच की वाट," मी म्हटलं.

मी डोळे उघडले. काकू माझ्याकडे बघत होती.

"कोणी सांगितलंन तुला?"

कोणी नाही, मी म्हटलं. माझी खाट भिंतीला लागून असायची ना. रोज पहाटे ऐकायचे. आणि मग माझ्या लक्षात आलं की ही एकच नाही. तिच्या मागची येत होती, आणि तिच्या मागची. धुराची येत होती, विहिरीच्या रहाटाची येत होती, काका गेले त्या वर्षीची, जी तिनं फार हळू म्हटली होती, तीही येत होती. एकीला दुसरी लागून सगळ्या आत बसलेल्या होत्या. तसं मी तिला सांगितलं.

काकूनं डोळे पुसले नाहीत. कविता आहे की बडबड, हेही तिनं विचारलं नाही. ती सरकून भिंतीला नीट टेकली, पाय लांब केले, हात मांडीवर ठेवले.

"मग पुढची म्हण," ती म्हणाली, आणि ऐकायला बसली.